परमुलखांत शिकावयाची व्यापारभाषा

परक्या व्यापाऱ्याची भाषा येणें निराळें आणि त्याचें बोलणें उमगणें निराळें. जपानी माणूस बोलण्याच्या ओघांत वारंवार 'हाय्' म्हणतो. कोशांत त्याचा अर्थ 'होय' असा दिला आहे. पण पुष्कळदां त्याचा आशय 'आपलें म्हणणें मी ऐकत आहें' एवढाच असतो. पाहुणा मात्र सौदा पटला असें समजून परततो आणि पुढें पत्राची वाट पाहत बसतो. उलट, हॉलंडांतील गृहस्थ आपल्या योजनेंतील दोष भर बैठकींत उघड सांगतो. त्यांत उपमर्दाचा हेतु नसतो. स्पष्टोक्ति हाच तेथें प्रामाणिकपणा समजतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनीं १९७६ सालच्या 'बियाँड कल्चर' या ग्रंथांत या भेदाची मीमांसा केली आहे. कांहीं समाजांत अर्थ बहुतांशीं शब्दांत असतो. कांहींत तो प्रसंग, नातेंगोतें आणि मौन यांत दडलेला असतो.

ही विद्या केवळ ग्रंथांतून साधत नाहीं. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचें महत्त्व. युरोपांतील 'इरॅस्मस' योजना हें तिचें ठळक उदाहरण होय. या योजनेच्या मुळाशीं एक निराशा आहे. सोफिया कोर्राडी ही इटालियन तरुणी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कायद्याचें अध्ययन करून १९५८ सालीं परतली, तेव्हां तें अध्ययन मायदेशीं ग्राह्य धरण्यांत आलें नाहीं. १९६९ पासून या विदुषीनें हा प्रश्न नेटानें लावून धरला. १९८७ सालीं योजना मंजूर झाली आणि पहिल्या वर्षीं ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनीं तिचा लाभ घेतला.

योजनेचें मर्म साधें आहे. निघण्यापूर्वींच विद्यार्थी, त्याचें विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ यांच्यांत अभ्यासक्रमाचा लेखी करार होतो. त्याप्रमाणें केलेला अभ्यास घरीं परतल्यावर मोजला जातो, आणि यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाहीं. परदेशच्या पेढींत वा कारखान्यांत उमेदवारी करण्याचीही सोय आहे. खरें व्यापारी शिक्षण तेथेंच मिळतें. 'अहो' आणि 'अरे' यांतील अंतर आपणांस शिकवावें लागत नाहीं. परंतु जर्मन कचेरींत आदराचें 'झी' सोडून सलगीच्या 'डू'वर केव्हां यावें, आणि तें आधीं कोणीं सुचवावें, हें तेथें वावरल्याविना कळत नाहीं.

मात्र केवळ प्रवासानें हें ज्ञान आपोआप येत नाहीं. कित्येक विद्यार्थी परदेशीं जाऊनही आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यांत राहतात आणि गेले तसेच परततात. शिष्यवृत्ति सर्व खर्चास पुरतेच असें नाहीं. त्यामुळें गरिबाघरच्या हुशार मुलास ही वाट अवघड जाते. हे दोष दूर झाल्याखेरीज योजनेचें फळ सर्वांच्या पदरीं पडणार नाहीं.

२००४ पासून 'इरॅस्मस मुंडुस' या शाखेनें युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांसही दार उघडलें, आणि भारतीय विद्यार्थी त्यांतून जात आले आहेत. अशा विद्यार्थ्यानें एक टिपणवही जवळ बाळगावी. बैठकींत आधीं कोण बोललें, मतभेद कसा दर्शविला, नकार कोणत्या शब्दांत आला, हें रोज टिपावें. आणि एखाद्या वर्तनाचा राग आला, तर तो माणूस उद्धट आहे असें ठरविण्यापूर्वीं, त्याच्या घरीं याला काय म्हणतात, हें त्यालाच विचारावें.