वर उघडणारे दार

जर्मन मोटार म्हटली की कोल्हापूरकरांना मेबॅक आठवते. दुसऱ्या महायुद्धाआधीची राजघराण्याची ही गाडी दसऱ्याला दसरा चौकात येते. त्या काळच्या मोठ्या गाड्यांची रचना सोपी असे. खाली दोन लांब, जाड तुळया आणि त्यांवर इंजिन, आसने व पत्र्याचे अंग. भार तुळयांनी पेलायचा. वजन अर्थातच भरपूर.

युद्धानंतर मर्सिडीजचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांच्यापुढे पेच पडला. शर्यतीत उतरायचे, पण हाताशी इंजिन बड्या प्रवासी गाडीचे, 3 लिटरचे आणि जड. तेव्हा गाडीचे वजन घटवायला हवे होते.

एक प्रयोग करा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन बनवा. कोपरा दाबला की तो लवंडतो. आता कर्णावर पाचवी पट्टी लावा. दोन त्रिकोण झाले आणि आकार घट्ट बसला! कारण त्रिकोणाचा कोन बदलायचा तर एखाद्या पट्टीची लांबीच बदलावी लागते. पातळ फुटपट्टी सहज वाकते, पण ओढून लांब होत नाही. गुऱ्हाळाच्या छपराची कैची याच तत्त्वावर उभी असते.

उलेनहाउट यांनी बारीक पोलादी नळ्यांचे असेच त्रिकोण जोडले. 1952 च्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा अवघा सुमारे 50 किलोचा होता. त्याच वर्षी तिने ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली.

पण कैची ताठ हवी तर तिला उंचीही हवी. त्यामुळे बाजूच्या नळ्या नेमक्या दाराच्या जागी वर आल्या. तिथे नेहमीचे दार ठेवायचे तर नळ्या कापाव्या लागणार. म्हणून दार लहान करून बिजागऱ्या छतात बसवल्या. 1954 मध्ये ही गाडी ‘300 एसएल’ नावाने विक्रीस आली. उघडी दारे समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखी दिसत, म्हणून लोक तिला ‘गलविंग’ म्हणू लागले. अनेकांना ती ऐट वाटली. खरे तर ती अडचणीतून काढलेली वाट होती. रुंद, उंच उंबरा ओलांडून बसता यावे म्हणून स्टिअरिंगचे चाक कलते केले होते. दाराच्या काचा खाली सरकत नसत, त्यामुळे आत उकडे. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तर विचारच नको!

1957 मध्ये उघड्या टपाची आवृत्ती निघाली. छतच नाही, तर बिजागऱ्या लावायच्या कुठे? मग बाजूच्या नळ्या खाली घेतल्या, सांगाडा इतरत्र मजबूत केला आणि साधे दार बसवले. गाडीचे वजन मात्र वाढले.