वाट मिटू देऊ नका

पोटातल्या बाळाची फुफ्फुसं पाण्यानं भरलेली असतात. श्वास नाही, हवा नाही, तरी हृदय चौथ्या आठवड्यापासून धडधडत असतं. प्राणवायू आईच्या रक्तातून येतो, वारेतून आणि नाळेतून. त्यामुळे फुफ्फुसांकडे फार रक्त पाठवण्यात काही अर्थच नसतो. हृदयातून निघालेल्या रक्ताचा लहानसाच हिस्सा तिकडे जातो, बाकीचं दोन आडवाटांनी निघून जातं. पहिली आडवाट हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असते, झडप लावलेल्या छिद्रासारखी. दुसरी हृदयाच्या बाहेर. फुफ्फुसधमनीला थेट महाधमनीशी जोडणारी ती एक आखूड नळी आहे, डक्टस आर्टेरिओसस. लहान बाळांच्या आयसीयूत सगळे तिला नुसतं ‘डक्टस’ म्हणतात.

मग बाळ जन्मतं आणि रडतं. त्या पहिल्या रडण्यात जे घडतं ते मी कितीदा वाचलं तरी मला थक्क करतं. फुफ्फुसं हवेनं फुलतात, त्यांतल्या मिटलेल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि तिथला रक्ताचा ओघ आठ-दहा पटींनी वाढतो. नाळ बांधली की वारेचा मार्ग संपतो. डाव्या बाजूचा दाब वाढून पडद्यातली झडप लागते. डक्टस मात्र हळूहळू मिटते. प्राणवायू वाढला की तिच्या भिंतीतले स्नायू आवळू लागतात, आणि तिला उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन मुख्यतः वारेतून येत होतं, ते आता येत नाही. एक-दोन दिवसांत नळी बंद, दोन-तीन आठवड्यांत तिची दोरी. हा मजकूर वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या छातीत ती दोरी आज आहे.

हजारातल्या आठ-दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. बरेचसे किरकोळ, काही आपोआप भरून येणारे. पण काही मोजके दोष असे, की डक्टस मिटणं, म्हणजे शरीरानं अगदी बरोबर वेळी केलेलं अगदी बरोबर काम, हाच बाळाच्या जिवावरचा घाला ठरतो. त्यांतला एक म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल. उजव्या खालच्या कप्प्यातून फुफ्फुसधमनी निघायला हवी, तिथून महाधमनी निघते, आणि डावीकडून फुफ्फुसधमनी.

मग दोन घाण्यांना जुंपलेल्या दोन बैलांसारखं होतं. शरीरातून आलेलं काळपट रक्त परत शरीरातच जातं. फुफ्फुसातून आलेलं लाल रक्त परत फुफ्फुसातच जातं. दोन्ही वर्तुळं अव्याहत फिरतात, पण त्यांची गाठ पडत नाही. पोटात असताना यानं फारसं बिघडत नाही, कारण तिथं फुफ्फुसांचं काम वारच करत असते. म्हणून ही बाळं बहुधा चांगल्या वजनाची, गुटगुटीत जन्मतात. खरी परीक्षा नाळ कापल्यावर सुरू होते. त्या दोन आडवाटा उघड्या असतील तेवढा वेळ लाल आणि काळं रक्त थोडंफार मिसळतं, बाळ तगतं. त्या मिटू लागल्या की ओठ, जीभ, नखं निळी पडतात. उपचार नसतील तर अशा बाळांपैकी सुमारे निम्मी पहिला महिना आणि दहातली नऊ पहिलं वर्ष पाहत नाहीत.

आपल्याकडे ‘हृदयाला भोक आहे’ या तीन शब्दांची फार धास्ती असते. टू-डी एको झाल्यावर बाप तोच प्रश्न विचारतो, आणि डॉक्टर सांगतात की भोक आहे ते आत्ता आपल्या बाजूनं आहे, ते पुरेसं मोठं नाही हीच अडचण आहे. घाबरलेल्या माणसाला हे उमजायला वेळ लागणारच. सांगणाऱ्यानं कागद-पेन घेऊन चित्र काढावं, आणि दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा काढावं. पहिल्या दिवशी ऐकलेलं काहीच डोक्यात राहत नाही.

पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, बहुधा आजीकडून किंवा गावाहून आलेल्या फोनवरून: असं का झालं? ग्रहणात बाहेर पडली होती का? काही कापलं-चिरलं होतं का? बाळंतीण पलंगावर पडून हे ऐकत असते. तिच्यासाठी उत्तर नीट सांगायला हवं. गर्भाच्या हृदयातून सुरुवातीला एकच जाड नळी निघते. पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास तिच्या आत एक पडदा वाढत जातो आणि तिचे दोन भाग करतो. हा पडदा सरळ वाढत नाही, पीळ घेत वाढतो, म्हणूनच निरोगी हृदयात दोन्ही धमन्या एकमेकींना वळसा घालून जातात. पीळ पडला नाही, तर त्या समांतर उभ्या राहतात, चुकीच्या कप्प्यांवर. इतकंच. ज्या दिवसांत हे घडतं तेव्हा तिसरा महिनाही सरलेला नसतो, बातमी अजून शेजारीही कळलेली नसते. बहुतेक बाळांत याचं कुठलंही एक कारण दाखवता येत नाही. ग्रहणाचा, विळीचा, सुरीचा यात काडीचाही संबंध नाही, आणि हे घरातल्या सगळ्यांसमोर, मोठ्यानं, डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इथून पुढे सगळा भर एका औषधावर. टोरांटोच्या बाल रुग्णालयात फ्लाव्हिओ कोचेआनी आणि पीटर ऑली यांनी १९७३ मध्ये कोकरांच्या डक्टसवर प्रयोग करून दाखवलं की प्रोस्टाग्लँडिननं ही नळी सैल पडते. पुढच्या दोन-तीन वर्षांतच ते निळ्या बाळांना दिलं जाऊ लागलं. वारेकडून जे मिळत होतं, ते आता सलाईनमधून. हे बाळ आपल्या हातात असतं, त्याला आपण बघत असतो, आणि तरी त्याचं रक्त अजून काही अंशी पोटातल्याच वाटेनं फिरवलं जात असतं! याच रसायनाची निर्मिती थांबवणारं आयब्युप्रोफेन, म्हणजे आपण अंगदुखीला घेतो तेच, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची उघडी राहिलेली डक्टस मिटवायला वापरतात. एकाच कुलपाच्या दोन्ही बाजू माणसाला सापडल्या.

मात्र हे औषध फुफ्फुसातून एकदा फिरलं की बरंचसं नष्ट होतं. त्यामुळे ते थेंबाथेंबानं, अखंड द्यावं लागतं. सिरिंज पंप थांबला की वाट पुन्हा आवळू लागते. या औषधानं ताप येतो, आणि कधी कधी बाळ श्वास घ्यायचंच विसरतं. जिल्ह्याच्या गावातून पुण्या-मुंबईला निघालेल्या अॅम्ब्युलन्समध्ये नर्सची नजर बाळापेक्षा पंपावर जास्त असते ती यासाठी.

त्या अॅम्ब्युलन्समध्ये बाप असतो, मांडीवर फाईल. आई मागेच राहिलेली असते, सिझेरियनचे टाके ओले, कुशीत बाळ नाही. फाईलवर बाळाचं नाव नसतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. पाचवीची रात्र येते, सटवाई बाळाच्या कपाळावर लिहायला येते ती रात्र. आजी पाटा पुजते, पण बाळ दीडशे किलोमीटरवर असतं. बाराव्या दिवशी बारसं, तर त्याच आठवड्यात ऑपरेशन. काही घरांत नाव ठरलेलं असूनही कुणी उच्चारत नाही. काही घरांत बाप पेटीच्या काचेजवळ वाकून ते हळूच म्हणतो.

आईनं काय करायचं? दूध काढायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. बाळाला तोंडानं काही देता येत नसलं, तरी चिकाचे दोन-चार थेंब कापसाच्या बोळ्यानं गालांच्या आत लावता येतात. हे थेंब रोगांशी लढणाऱ्या घटकांनी भरलेले असतात. बाकीचं दूध बर्फाच्या डब्यातून येतं, त्यावर तारीख-वेळ लिहून ते साठवतात. ज्यांना दूध येत नाही त्यांच्यासाठी दुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

औषधानं भागलं नाही तर बाळाच्या नाळेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयात नेतात. टोकाला फुगा असतो. पडद्यातल्या छिद्रातून तो पलीकडे नेऊन फुगवतात आणि झटक्यानं अलीकडे ओढतात. छिद्र मोठं होतं, काही मिनिटांत साच्युरेशनचे, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचे, आकडे चढू लागतात. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये हे जगापुढे मांडलं. एको मशीन लावून हे बाळाच्या पेटीपाशीसुद्धा करता येतं.

आणि मग खरी दुरुस्ती. पूर्वीचे शल्यविशारद धमन्यांना हात लावत नसत, वरच्या कप्प्यांतच रक्ताची दिशा बदलत. १९७५ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत आडिब जातेने यांनी धमन्याच कापून अदलाबदल करण्यात यश मिळवलं. ऐकायला सोपं, पण महाधमनीच्या मुळाशी हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन वाहिन्या असतात, एक-दोन मिलिमीटर जाडीच्या. त्या भोवतालच्या भिंतीच्या चकतीसकट कापून नव्या जागी शिवायच्या, केसाहून बारीक दोऱ्यानं, त्यांना जराही पीळ किंवा ताण न पडू देता. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त, हृदय वीसेक ग्रॅमचं, आणि ते थांबवलेलं असतं. तोवर शरीराला रक्त पुरवतं ते यंत्र.

घाईही असते. जन्मानंतर फुफ्फुसांतला दाब उतरतो, आणि त्यांना जोडलेल्या डाव्या कप्प्याला आता हलकंच काम उरतं. न वापरलेला स्नायू काही आठवड्यांत पातळ होतो, मग सगळ्या शरीराला रक्त पुरवायचं त्याला झेपत नाही. म्हणून हे ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करतात. चांगल्या केंद्रांत आता शंभरातली पंचाण्णवहून अधिक बाळं यातून वाचतात. सूज असेल तर छाती एक-दोन दिवस उघडी, पातळ पडद्याखाली ठेवतात. भेटायला जाणाऱ्या आईबापांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर ते दृश्य झेपत नाही.

हे सगळं वेळेवर कळलं तरच. सावळ्या कातडीवर निळेपणा लवकर दिसत नाही. साच्युरेशन ८० च्या आसपास उतरेपर्यंत अनुभवी डोळेही चुकतात. त्यासाठी जन्मानंतर २४ ते ४८ तासांत बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. आकडा ९५ किंवा जास्त आणि हात-पायांतला फरक तीनपेक्षा जास्त नाही, तर ठीक. सुई नाही, पाच मिनिटांचं काम. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी हे झालं का, एवढं विचारायचा हक्क प्रत्येक घराला आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांची तपासणी आणि पुढचे उपचारही येतात. आशाताईला विचारलं तर वाट सापडते.

बरं होऊन घरी गेलेलं बाळ शाळेत जातं, धावतं, खेळतं. पण दर वर्षी-दोन वर्षांनी एको चुकवायचा नसतो. कारण त्याच्या महाधमनीच्या मुळाशी आता जी झडप आहे ती मुळात फुफ्फुसधमनीची, कमी दाबासाठी घडलेली. ती सगळ्या शरीराचा दाब सोसते आहे, काहींची थोडी गळूही लागते. या पद्धतीनं पहिल्यांदा वाचलेल्या पिढीनं आता चाळिशी ओलांडली आहे, आणि ही झडप साठीत कशी वागेल याची नोंद डॉक्टर त्या पिढीच्याच एकोंवरून करत आहेत.