फलंदाजीची पडझड

शेंदूरजनाघाटच्या आम्हां क्रिकेटप्रेमी मंडळींस १९ डिसेंबर २०२० हा दिवस अद्याप सलतो. ॲडलेड येथें भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. एकाही फलंदाजास दहा धावा करितां आल्या नाहींत. असें कां व्हावें? चेंडू टप्पा पडल्यावर किंचित् वळे. त्यामागें बॅट जातांच कड लागून झेल उडे. पांच झेल एकट्या यष्टिरक्षकानें टिपले. अशा वेळीं बळापेक्षां चेंडू सोडून देण्याचा संयमच उपयोगीं पडतो. त्या डावांत शून्यावर बाद झालेल्या अजिंक्य रहाणे यांनींच पुढें मेलबोर्नला ११२ धावा केल्या व भारतानें आठ गडी राखून सामना जिंकिला. संताप आम्हांसही येतोच. परंतु आंबिया बहार गळाला म्हणून आमच्याकडे कोणी संत्र्याची बाग तोडीत नाहीं, मृग बहाराची वाट पाहतो.