शिर्डीचा पाऊण तास

मुंबईहून शिर्डी सडकेनें सुमारें २४० किलोमीटर. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं अहिल्यानगर (तेव्हांचें अहमदनगर) जिल्ह्यांतील काकडी येथें विमानतळ सुरू झाला आणि हा प्रवास आकाशमार्गें पाऊण तासावर आला. सरळ रेषेंत अंतर १७० किलोमीटरच भरतें. एवढ्यांत विमानाचा बराच वेळ चढण्याउतरण्यांतच जावयाचा! परंतु घरांतील वृद्ध मंडळींस न्यावयाचें तर नुसता पाऊण तास पाहून भागत नाहीं. विमानतळ गांठणें, तपासणी, पुढें काकडीहून शिर्डीपर्यंत मोटार, मिळून चार तास सहज जातात. जून २०२५ मध्यें समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाटही बोगद्यानें टळतो. तेव्हां आम्ही मोटारच पसंत करूं. वाटेंत थांबून आजींस पाय तरी मोकळे करतां येतात.