किल्लारी : खांब राहिले, भिंती गेल्या

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून किल्लारीला जायचं तर दीडशेहून अधिक किलोमीटर तोडावे लागतात. लातूर, औसा, लामजना करत उमरग्याच्या वाटेला लागलं की हे गाव येतं. नवी किल्लारी आखीव रस्त्यांची. जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे मृतांना मानवंदना दिली जाते.

१९९३ साली गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता. या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी कितीतरी होतात. एवढे बळी मात्र क्वचित जातात.

कारण घरांत होतं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसे. प्रत्यक्षात ती दोन सुट्या भिंतींची, मध्ये दगडगोटे आणि चिखल. वर माळवद, मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची, म्हणजे भार पिढ्यान्‌पिढ्या वाढताच. धक्क्यात दोन्ही पदर सुटले. अनेक घरांत लाकडी खण जागच्या जागी उभे राहिले आणि माणसं ढासळलेल्या भिंतींखाली सापडली.

जुन्या दगडी इमारती वाचवण्याचा एक उपाय अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने केला. १८९४ मधली तिथली पालिकेची इमारत १९८९ पर्यंत पायापासून अलग करून चारशेहून अधिक रबर-पोलादी आधारांवर बसवली. जमीन झटक्याने हलली, तरी वरचा डोलारा सावकाश हलावा, हा हेतू. मार्च २०२० मध्ये ५.७ चा भूकंप झाला. काही पडझड, दुरुस्त्या झाल्या. इमारत मात्र उभी राहिली. त्याच शहरातल्या ख्रिस्ती मंदिराचं असंच काम नुकतं सुरू झालं होतं. त्याच्या शिखरांवरचे काही दगड सरकले.

हे तंत्र माळवदाला जसंच्या तसं लागू पडत नाही. रबरावर बसवायची ती इमारत एकसंध हवी. सॉल्ट लेकमध्येही जुन्या पायाला आधी काँक्रीटच्या तुळयांनी जखडावं लागलं. आपल्याकडे त्या आधीच्याच पायरीचं काम आहे: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवायचे, छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा, खांब-तुळयांना तिरपे टेकू द्यायचे, माळवदावरची माती कमी करायची. किल्लारीनंतर जुनी घरं सावरण्यासाठी तज्ज्ञांनी हेच उपाय सुचवले.

बालाघाटाच्या पट्ट्यात अशी माळवदं अजून वापरात आहेत. यंदा वर मातीची पाटी चढवण्याआधी खालच्या भिंतीला फुगवटा आलाय का, ते पाहावं. आला असेल, तर आधी गवंडी बोलवावा.