खाडे, डबे आणि आठवणींचा उंचवटा

महाविद्यालय सोडून पन्नास-साठ वर्षे झालेली माणसे एकत्र जमली की त्यांच्या बोलण्यात त्या चार वर्षांना जी जागा मिळते, ती पुढच्या चाळीस वर्षांच्या नोकरीला किंवा संसारालाही मिळत नाही. ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची असली तरी तिचा विचार सहसा दोनच तऱ्हांनी होतो. एक तर तिला म्हातारपणीचा हळवेपणा समजून सोडून दिले जाते, नाही तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तिचे कौतुक करून विषय संपवला जातो. दोन्ही तऱ्हांत त्या आठवणींमधला मजकूर बाजूलाच राहतो. वास्तविक १९६० च्या दशकात महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिरलेली आणि आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात पोहोचलेली पिढी जे सांगते, त्यात शिक्षणसंस्थांच्या अधिकृत इतिहासांनी न नोंदवलेला बराच ऐवज असतो. मात्र तो हाती घ्यायचा तर वृद्ध माणसाला काय आठवते, काय आठवत नाही आणि काय चुकीचे आठवते, हे आधी पाहावे लागते.

स्मरणाच्या वयानुसार होणाऱ्या वाटणीचा पहिला मोजमापी प्रयत्न १८७९ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी केला. एकेक शब्द डोळ्यांसमोर ठेवून त्यासरशी मनात काय येते याची ते नोंद करीत, आणि पन्नाशी ओलांडलेली असूनही आपल्या मनात उमटणाऱ्या गोष्टींपैकी पुष्कळशा बालपणाच्या व तारुण्याच्या आहेत, असे त्यांना आढळले. पुढे १९८६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा मध्यम व उतारवयातील माणसांच्या आठवणींचा आलेख सरळ उतरत न जाता वयाच्या दहा ते तीस या टप्प्यात फुगलेला दिसला. याला स्मरणाचा उंचवटा म्हणता येईल, आणि त्याचा माथा साधारणपणे पंधरा ते पंचवीस या वयात येतो. त्याची कारणे एकाहून अधिक दिली जातात : या वयात पहिल्यांदाच घडणाऱ्या गोष्टी सर्वाधिक असतात, मेंदूची ग्रहणशक्ती ऐन भरात असते, आणि आपण कोण आहोत याचा निर्णय माणूस याच काळात करीत असल्यामुळे पुढे स्वतःची ओळख सांगताना तो पुन्हा पुन्हा तेथेच परततो. यातले कोणतेही एक कारण पुरेसे नाही. स्पॅनिश भाषा बोलणारे जे लोक प्रौढ वयात अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले, त्यांच्या बाबतीत हा उंचवटा स्थलांतराच्या वर्षांकडे सरकलेला दिसला, त्यावरून केवळ तारुण्य नव्हे तर आयुष्याची चाकोरी मोडणेही आठवणी पक्क्या करते, असे मानण्यास जागा आहे.

महाराष्ट्रातील त्या पिढीच्या संदर्भात हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण खेड्यातून आलेल्या मुलाच्या आयुष्यात तारुण्य आणि स्थलांतर या दोन्ही गोष्टी एकाच जूनमध्ये घडत होत्या. पहिल्यांदा घराबाहेर राहणे, पहिल्यांदा पैसे मोजून जेवणे, प्रमाण मराठी आणि इंग्रजी या दोन्ही परक्या वाटणाऱ्या बोलींत पहिल्यांदा उत्तर देणे, हे सारे एखाद्या महिन्याच्या आत झाले. शिवाय त्या काळी अकरावीच्या शेवटी मॅट्रिकची, म्हणजे एसएससीची परीक्षा होत असे आणि ती उत्तीर्ण होताच विद्यार्थी थेट महाविद्यालयात दाखल होई. तेथून पदवीपर्यंतची वाट चार वर्षांची होती, तिचे पहिले वर्ष कोठे प्री-डिग्री तर कोठे एफ.वाय. या नावाने ओळखले जाई, आणि इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांचे दरवाजे उघडत किंवा बंद होत. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली, कनिष्ठ महाविद्यालये आली आणि ही जुनी रचना मोडली. आज जे ज्येष्ठ आपल्या 'इंटर'च्या भीतीबद्दल सांगतात, त्यांच्या नातवंडांना म्हणूनच ती भीती नेमकी कशाची होती हे समजावून द्यावे लागते.

या आठवणींत प्राध्यापकांच्या व्याख्यानांपेक्षा जेवणाला अधिक जागा असते. यात हसण्यासारखे काही नाही, कारण शिक्षण टिकणार की सुटणार हे बहुतेकदा जेवणावरच ठरत होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी मधुकरी मागत असे, म्हणजे काही घरांतून शिजवलेले अन्न गोळा करून आणत असे, किंवा वार लावून जेवत असे, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून त्या त्या वारी त्या त्या घरी पान मांडले जाई. ही सोय जातीच्या भिंतींच्या आतली होती आणि इतरांना ती मिळणे शक्य नव्हते. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले, त्यामागचे एक साधे कारण हेच होते की शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर शाळा-कॉलेज उघडे असूनही उपयोगाचे नव्हते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करताना 'कमवा आणि शिका' ही पद्धत घातली, तर पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती उभी राहिली. १९५९ च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफीची योजना आली. ईबीसी या तीन अक्षरांनी ती सर्वतोमुखी झाली, आणि वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांपेक्षा कमी असल्याचा तलाठ्याचा किंवा तहसीलदाराचा दाखला ही अनेकांच्या कागदपत्रांतली सर्वांत मोलाची वस्तू बनली.

फी माफ झाली तरी पोट उरतेच, आणि तेथे दोन व्यवस्था कामी आल्या. एक खानावळ किंवा वसतिगृहाची मेस. तिचा हिशेब महिन्याचा असे, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा होत, रविवारच्या दुपारी गोडाधोडाची 'फीस्ट' असे आणि रात्री चूल बंद राही. ज्यांना ही रात्र उपाशी काढावी लागे त्यांच्या आठवणीत रविवार हा दोन तोंडांचा वार म्हणून राहिला आहे. खाडे किती दिवसांच्या पुढे धरायचे यावरून मेस सेक्रेटरी आणि सभासद यांच्यात होणारे वाद हा तर अनेकांच्या लेखी लोकशाहीचा पहिला धडा होता. दुसरी व्यवस्था एसटीच्या डब्याची. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्याच्या गावांपर्यंत फाटे फुटले, तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत एक बिनकागदी प्रथा रूढ झाली : पहाटे आईने भाकरी, कोरड्यास आणि ठेचा बांधून दिलेला डबा गावातून सुटणाऱ्या पहिल्या गाडीत ठेवायचा, शहराच्या स्थानकावर मुलाने तो उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने पाठवायचा. डब्यावर नाव कोरलेले किंवा फडक्याला ओळखीची गाठ मारलेली असे, आणि सारा व्यवहार चालक-वाहकांच्या भरवशावर चाले. ग्रामीण महाराष्ट्रात उच्च शिक्षण कसे पोहोचले हे सांगताना महाविद्यालयांची संख्या दिली जाते. एसटीच्या वेळापत्रकाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि या प्रथेची माहिती प्रामुख्याने वृद्धांच्या बोलण्यातूनच मिळते.

मराठवाड्यातील आठवणींचा सूर वेगळा आहे. त्या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. तोवर तेथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला काढलेल्या आणि पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच बौद्ध परंपरेतला मिलिंद, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्षू नागसेन या जोडीवरून ही नावे आली. तेथे शिकलेल्या दलित विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरात त्याआधी कोणी शाळेचीही पायरी चढलेले नव्हते. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची वाट पाहण्यात जाणारे महिने, वसतिगृहातली रात्रीची वाचने, प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' या नाटकाचा प्रयोग यांच्याभोवती तिथली स्मरणे फिरतात. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे लेखक-संपादक याच वातावरणात शिकवीत होते. येथे 'ते दिवस किती छान होते' हा नेहमीचा सूर कमी आणि 'ते दिवस आले नसते तर' हा सूर अधिक ऐकू येतो, आणि तो अधिक नेमका आहे.

आता या साक्षीच्या भरवशाबद्दल. हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सुमारे चारशे अमेरिकन शालेय पदवीधरांची परीक्षा घेतली, तेव्हा जुन्या वर्गमित्रांचे चेहरे तीस-पस्तीस वर्षांनंतरही दहापैकी नऊ वेळा ओळखले गेले; मात्र कोणतीही खूण न देता नावे आठवायला सांगितल्यावर तीच माणसे फार मागे पडली. स्नेहमेळाव्यात 'चेहरा पाहिलेला वाटतो' हे वाक्य सारखे का ऐकू येते याचा उलगडा यातून होतो. बाहरिक यांचाच १९९६ मधला दुसरा अभ्यास अधिक बोचरा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या शालेय श्रेणी आठवायला सांगून त्या मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या असता सर्वोच्च श्रेणी ८९ टक्के वेळा अचूक आठवल्या, तर खालची 'डी' श्रेणी केवळ २९ टक्के वेळा, आणि चुका बहुतांशी स्वतःच्या फायद्याच्या बाजूनेच झाल्या. ही अवस्था अवघ्या काही वर्षांच्या अंतराने असेल, तर साठ वर्षांनंतर सांगितलेला 'फर्स्ट क्लास' किती टक्क्यांचा धरावा हे वाचकाने ठरवावे.

मोठ्या घटनांच्या आठवणीही याला अपवाद नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या क्षणी आपण कोठे होतो हे त्या वेळचे विद्यार्थी कमालीच्या तपशिलाने सांगतात. अशा लख्ख आठवणींवर अमेरिकेत झालेल्या संशोधनात, १९८६ मधील चॅलेंजर अवकाशयानाच्या स्फोटानंतर लगेच लिहून घेतलेली निवेदने आणि त्याच विद्यार्थ्यांची अडीच-तीन वर्षांनंतरची निवेदने यांत मोठी तफावत आढळली, आणि खात्री मात्र तसूभरही कमी झालेली नव्हती. त्यात समूहाचा परिणाम वेगळा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडले होते की माणूस एकटा आठवत नाही, त्याच्या गटाने पुरवलेल्या चौकटीत आठवतो. पुढे प्रयोगांतून असेही दिसले की एकत्र बसून आठवणाऱ्या गटाची एकूण आठवण, त्याच माणसांनी स्वतंत्रपणे आठवलेल्या गोष्टींच्या बेरजेपेक्षा कमी भरते. एकाने सांगितलेला किस्सा इतरांच्या मनातला धागा तोडतो, आणि दरवर्षीच्या मेळाव्यात तेच चार-पाच किस्से उरतात.

जे मेळाव्याला येत नाहीत, त्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. परीक्षेत नापास होऊन गावी परतलेला, पैशाअभावी दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलेला किंवा ज्याच्यासाठी ती वर्षे अपमानाची होती तो माणूस स्मरणिकेत लेख लिहीत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर अडचण यादीपासूनच सुरू होते, कारण महाविद्यालयाच्या पटावर माहेरचे नाव असते आणि लग्नानंतर नाव व गाव दोन्ही बदलल्यामुळे पत्ता शोधणाऱ्या उत्साही मित्रांना त्या सापडतच नाहीत. लेडीज रूममध्ये तासाची वाट पाहत बसायचे, प्राध्यापकांच्या पाठोपाठ वर्गात शिरायचे आणि पहिल्या बाकांवर बसून तास संपताच परतायचे, ही अनेक महाविद्यालयांतली तेव्हाची रीत होती. पुरुषांच्या आठवणीत ती गमतीचा विषय म्हणून येते. स्त्रियांकडून तिचे वर्णन ऐकायचे तर त्यांना मुद्दाम शोधून काढावे लागते.

आठवणींत अशा उणिवा असल्या तरी त्यांतून उपजणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मायेतून काय उभे राहू शकते याचे ठळक उदाहरण पुण्यातच आहे. ज्या डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांची मैत्री जमली, ते सरकारने १९३४ मध्ये बंद केले. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीशी हे महाविद्यालय बांधलेले असल्याचा आधार घेऊन माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व या विषयांत त्या संस्थेने पुढे केलेले काम सर्वश्रुत आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वृद्धांचे गतकाळात रमणे हे बुद्धी ढासळल्याचे लक्षण नसून आयुष्याचा आढावा घेण्याची स्वाभाविक क्रिया आहे, असे प्रतिपादन केले, तेव्हापासून अशा आठवणी ऐकून घेण्याला वैद्यकातही स्थान मिळाले. इतिहासासाठी त्या नोंदवायच्या असतील तर मेळाव्यातल्या माईकपेक्षा एकेकट्याशी निवांत बोलणे बरे. विचारायचे प्रश्नही 'कसे होते ते दिवस' असे नसावेत, तर खोलीचे भाडे किती, जेवण कोठे, डबा कोणत्या गाडीने येई, शेजारच्या कॉटवर कोण होते आणि त्याचे पुढे काय झाले, असे असावेत. मिळालेली उत्तरे महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिक अंकांशी, मेसच्या वह्यांशी आणि फीमाफीच्या याद्यांशी ताडता येतात, पण रद्दी आणि वाळवी यांतून या वह्या-याद्या ज्या संस्थांत वाचल्या आहेत तेथेच.