रॉकेटवाले गोवारीकर आणि आपला मृगाचा पाऊस

मृग जवळ आला की गावोगावी तज्ज्ञ उगवतात. हल्ली ते मोबाइलमधूनच बोलतात. अमुक तारखेला धो धो, तमुक तारखेपासून उघडीप! कोणाचे ऐकावे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बियाणे, ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी सगळे त्यावर टांगलेले असते, आणि दुबार पेरणीचा खर्च सल्ला देणारा काही भरून देत नाही.

याबाबतीत डॉ. वसंत गोवारीकर यांची हकीकत समजून घ्यावी. जन्म १९३३, पुणे. शिक्षण रसायन अभियांत्रिकीचे. इंग्लंडमध्ये रॉकेटच्या मोटारींवर काम केले आणि परत येऊन केरळात थुंबा येथे विक्रम साराभाईंच्या हाताखाली घन इंधन तयार करण्याच्या कामाला लागले. घन इंधन म्हणजे दिवाळीच्या बाणातल्या दारूचा थोरला भाऊबंद समजा. रबरासारख्या पदार्थात ऑक्सिजन पुरवणारे क्षार आणि ॲल्युमिनियमची पूड घोटून साच्यात ओततात. आत एखादी भेग राहिली तर मोटार फुटलीच म्हणायची. एसएलव्ही-३ हे यान १० ऑगस्ट १९७९ रोजी समुद्रात पडले. १८ जुलै १९८० रोजी तेच यान रोहिणी उपग्रह घेऊन वर गेले. गोवारीकर तेव्हा थुंब्याच्या केंद्राचे संचालक होते. पुढे १९८९ साली उडालेल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा याच यानाच्या पहिल्या टप्प्यावर बेतलेला होता. आता रॉकेट आणि क्षेपणास्त्र या विषयात या माणसाच्या शब्दाला वजन होते, ते का? तर वर्षानुवर्षे हात त्यात होते म्हणून.

मग ते पावसाकडे कसे वळले? १९८६ साली ते दिल्लीला विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले आणि हवामान खाते तेव्हा त्याच विभागाकडे होते. १९८७ चा दुष्काळ पडला. त्यानंतर हवामान खात्याचे थपलियाल, पुण्याच्या संस्थेचे सिक्का वगैरे जाणकारांना सोबत घेऊन त्यांनी सोळा घटकांचे गणित मांडले. हिमालयावरचे बर्फ, प्रशांत महासागराची उष्णता, उंचावरचे वारे असे ते घटक. १९८८ पासून या गणितावर मान्सूनचा अंदाज निघू लागला. २००१ पर्यंत देशात सलग बऱ्यापैकी पाऊस झाला, अंदाजाचे नाव झाले. आणि २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, पाऊस पडला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर देशात निम्मासुद्धा पडला नाही. २००३ पासून खात्याने नवे गणित घेतले.

काही लोक म्हणतात, रॉकेटवाल्याने पावसात पडूच नये. मला हे पटत नाही. पण फरक ध्यानात घ्या. रॉकेटची मोटार जमिनीवर बांधून पुन्हा पुन्हा पेटवून बघता येते, चूक मिनिटभरात कळते. मान्सूनची परीक्षा वर्षातून एकदाच. चौदा वर्षांत चौदाच परीक्षा, आणि त्याही चांगल्या पावसाच्या! ज्या काळात दरवर्षी पाऊस ठीकच पडतो, त्या काळात ‘ठीक पडेल’ म्हणणारा कोणीही खराच ठरतो, नाही का?

तरीही मी गोवारीकरांना मोबाइलवाल्या तज्ज्ञांच्या वरच ठेवीन. त्यांनी आकडा आधी सांगितला, लेखी सांगितला आणि पद्धत उघड केली. म्हणूनच २००२ ची चूक सगळ्या देशाला दिसली. ज्याचा अंदाज ‘कुठेकुठे, काही प्रमाणात’ असाच असतो, त्याला चुकवणार कसे?

तुमचा मुलगा ओझरला विमानाच्या कारखान्यात किंवा पुण्याला इंजिनिअर असेल तर त्याचा अभिमान जरूर बाळगा. यंत्राबद्दल तो सांगेल ते ऐका. पण पेरणीची तारीख त्याने फोनवर सांगितली तर त्याला विचारा, बाबा रे, वावरात ओल किती आहे ते तिकडून दिसते का? हाच नियम माझ्यासारख्या कृषी खात्याच्या माणसालाही लावा.

आणखी एक. मान्सूनचा १०० टक्के म्हणजे सगळ्या देशाच्या चार महिन्यांची सरासरी, साधारण ८७ सेंटिमीटर. त्यावरून शहाद्याचे काही कळत नाही. आपल्याच जिल्ह्यात नवापूरकडे पाऊस जास्त, शहादा-नंदुरबारकडे कमी, आणि धडगावच्या डोंगरात पाणी पडले तरी उतारावरून वाहून जाते. सबब देशाच्या आकड्यावर पेरणी करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय कोरडवाहू कापूस, सोयाबीन टाकू नये. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो पाहावा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना एक विनंती. पंचायतीच्या फळ्यावर तीन रकाने आखा: कोणी अंदाज सांगितला, काय सांगितला, आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकात प्रत्यक्ष किती पडला. मोबाइलवाला असो की सरकारी, सगळ्यांची नावे त्यात येऊ द्या. खडूचा खर्च पाच रुपये. जून ते सप्टेंबर चालवा, आणि दिवाळीच्या ग्रामसभेत तो फळा वाचून दाखवा.